दुःखिताजवळ काय बोलावे?

॥ राम कृष्ण हरि ॥

सज्जनहो, कीर्तनकाराला शब्दांची वाण कधी पडत नाही. समोर श्रोते बसले, मागे टाळकरी उभे राहिले, मृदंगावर थाप पडली, की बोलणे आपोआप सुटते. जन्म-मरण, सुख-दुःख, संचित-प्रारब्ध हे तर आमचे रोजचे विषय. परंतु याच विषयावर बोलताना आम्ही एकदा असे चुकलो, की त्या चुकीचा सल आज पस्तीस वर्षे उलटून गेली तरी निघालेला नाही. ती चूक कोणती, आणि ती उमगण्यास एका परधर्माची मदत कशी झाली, हे आज वारकरी बंधु-भगिनींपुढे ठेवावयाचे आहे.

आमचे गाव नागोठणे. अंबा नदीच्या काठी वसलेले. पावसाळ्यात नदी फुगते, पाणी वर येते, उतरते. गावाला त्याची सवय आहे. पण २४ जुलै १९८९ चा दिवस निराळा होता. घाटमाथ्यावर पाऊस असा कोसळला की अंबा आपली वाट सोडून गावांतून धावू लागली. वरच्या अंगाला, सुधागड तालुक्यात, जांभूळपाड्याचा तर तिने घासच घेतला. घरे गेली, गुरे गेली, झोपेतली माणसे गेली. आमच्या नागोठण्यातही पाणी शिरले. आषाढीची वारी करून आम्ही नुकतेच घरी आलो होतो. पायांचे फोडही सुकले नव्हते.

चार दिवसांनी तांदूळ, कांबळी, कपडे घेऊन गावातली मंडळी वरच्या अंगाला निघाली, त्यांच्याबरोबर आम्हीही गेलो. वय तेव्हा तिशीच्या आतले. पाठशाळेतून बाहेर पडून फार वर्षे झाली नव्हती. शास्त्र तोंडात होते, पोटात उतरायचे होते. एका पडक्या भिंतीशी एक बाई बसली होती. तिचा मुलगा पुरात गेला होता. आमच्या गळ्यातली माळ पाहून कोणीतरी म्हणाले, "बुवा, हिला दोन शब्द सांगा." आम्ही लगेच सांगू लागलो. म्हटले, "माई, प्रारब्धाचा भोग कोणाला चुकला आहे? पूर्वजन्मीचे देणे असते, ते फिटले की जीव निघून जातो. देह नाशवंत आहे. शोक करू नये."

बाईने मान वर केली. ती रडत नव्हती. म्हणाली, "बुवा, माझ्या पोराला सहावं लागलं होतं. सहा वर्षांत त्यानं असं काय पाप केलं हो? आन् मागल्या जन्मीचं म्हणाल, तर ते तुम्ही बघितलंत काय?"

सज्जनहो, आम्ही न्यायाचे ग्रंथ वाचलेले. पूर्वपक्ष कसा मांडावा आणि उत्तरपक्षाने तो कसा खोडावा, हे गुरुजींनी छडी मारून शिकविलेले. पण त्या बाईपुढे आमची जीभ टाळ्याला चिकटली.

तेवढ्यात मदतीला आलेल्या लोकांतली एक परिचारिका तिथे आली. दक्षिणेकडची, ख्रिस्ती होती. गळ्यात लहानसा क्रूस होता. मराठी तिला मोडके-तोडकेच येत होते. ती चिखलातच त्या बाईशेजारी बसली. जवळच्या बादलीत फडके भिजवून तिने बाईचे हात पुसले, मग पाय पुसले, केसांतला चिखल काढला. बोलली काहीच नाही. बऱ्याच वेळाने बाईने तिच्या खांद्यावर डोके टेकले आणि मग चार दिवसांचे अडलेले रडे फुटले.

परत निघताना आम्ही तिला विचारले, "बाई, तुम्ही तिला काय सांगितलेत?" ती म्हणाली, "मी काय सांगणार? मी बसले फक्त."

पुढच्याच वर्षी, ५ नोव्हेंबर १९९० रोजी, आमच्या नागोठण्याजवळच्या एका कारखान्यात वायूचा मोठा स्फोट झाला. तिसाहून अधिक माणसे दगावली. ओळखीच्या एका घरी आम्ही गेलो. म्हातारा बाप ओटीवर भिंतीला टेकून बसला होता. या खेपेला आम्ही शास्त्राची पोथी घरीच ठेवून गेलो होतो. त्याच्या शेजारी बसलो. त्याने हात पुढे केला, तो हातात धरला. दोन-तीन तास असेच गेले. उठताना तो एवढेच म्हणाला, "बुवा, उद्या या." आम्ही गेलो. दुसऱ्या दिवशी तो मुलाविषयी बोलला, आम्ही ऐकले.

जे त्या वेळी आम्ही नुसते पाहून उचलले, त्यामागचा विचार पुढे पुष्कळ वर्षांनी, वाचनात आलेल्या एका चरित्रातून कळला. ते चरित्र पंडिता रमाबाईंचे.

रमाबाईंचे नाव काढले की आपल्यातल्या काही जणांच्या कपाळाला आठी पडेल, हे आम्ही जाणून आहो. त्यांनी आपला धर्म सोडला. आपल्या रूढींवर कठोर शब्द लिहिले. त्यांच्या शारदासदनावरून १८९३ च्या सुमारास पुण्यात केवढे वादळ उठले होते! धर्मांतराची तरफदारी आम्ही करीत नाही. आमच्या गळ्यात तुळशीची माळ आहे आणि ती शेवटच्या श्वासापर्यंत राहावी एवढेच मागणे आहे. परंतु माणसाचा मार्ग पटला नाही म्हणून त्याचे दुःख खोटे ठरत नाही, आणि त्या दुःखातून त्याने काय केले हे पाहण्यास कोणाची हरकत नसावी.

त्यातून रमाबाई आमच्याच पेशातल्या घरच्या. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान. लोकांचा विरोध सोसून त्यांनी पत्नीला संस्कृत शिकविले. १८५८ साली रमाबाईंचा जन्म झाला तो सह्याद्रीच्या रानातल्या आश्रमात. पुढे हे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराण सांगत फिरू लागले. लहान रमेला आईने भागवत पाठ करविले. मग दक्षिणेत दुष्काळ पडला. जवळचे द्रव्य दानधर्मात आणि अनुष्ठानांत सरले. उपास केले, देवळे केली, नवस केले. पण अन्न मिळाले नाही, असे रमाबाईंनीच लिहून ठेवले आहे. वडील गेले, मागोमाग आई गेली, थोरली बहीण गेली. भाऊ आणि त्या पायी हजारो मैल हिंडत कलकत्त्यास पोचल्या. तिथल्या पंडितांनी 'सरस्वती' ही पदवी दिली. पण १८८० साली भाऊही गेला. बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी लग्न झाले; १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने तेही गेले. पदरी मनोरमा नावाची लहान मुलगी. वय अवघे तेवीस. पुढच्या वर्षी, १८८३ साली, इंग्लंडात त्यांनी ख्रिस्ती धर्माचा स्वीकार केला.

आता पाहा. आठ-दहा वर्षांत ज्या बाईची सारी माणसे गेली, तिला कोणी सांगितले असते, "हे तुझे प्रारब्ध," तर ते ऐकून तिचे काय भले झाले असते? तिने पुढे काय केले ते पाहावे. १८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. ज्या उपासमारीत आपली आई-बहीण गेली, त्याच उपासमारीत सापडलेल्या शेकडो मुली आणि विधवा त्यांनी उचलून आणल्या. केडगावास मुक्तिसदन उभे राहिले. १९०० च्या दुष्काळानंतर तिथे हजाराहून अधिक जीव राहू लागले. भाकर, कपडा, अक्षर, हातमाग, छापखाना, सारे तिथे उभे राहिले. त्या मुलींना ख्रिस्ताची शिकवण दिली जाई, हे खरे, आणि त्यावर वादही झाले. पण पोर दारी आली की आधी तिच्या पुढ्यात अन्न येई.

शेवटची परीक्षा अजून व्हायची होती. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमा वारली. एकुलती एक मुलगी, सगळ्या कामाचा उजवा हात, पुढची वारस. रमाबाई त्या वेळी त्रेसष्ट वर्षांच्या, कानांनी जवळजवळ बहिऱ्या, शरीराने थकलेल्या. मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून बायबल मराठीत आणण्याचे काम त्यांच्या हाती होते. ते त्यांनी टाकले नाही. काम तडीस नेले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी देह ठेवला. मुलीमागून नऊ महिनेही झाले नव्हते.

ख्रिस्ती श्रद्धेला दुःखात हे बळ येते कोठून? आम्ही जेवढे वाचले आणि जाणत्या ख्रिस्ती मंडळींना विचारले, त्यावरून असे दिसते की, त्या श्रद्धेच्या मध्यभागी क्रूस आहे. देव दुःखाचे कारण समजावून देतो, असे त्यांचे मुख्य म्हणणे नव्हे. देव स्वतः दुःखात उतरला, हे त्यांचे मुख्य म्हणणे आहे. क्रूसावर खिळलेला येशू देवाला हाक मारून विचारतो की मला का टाकलेस. त्या 'का'ला तिथल्या तिथे उत्तर मिळत नाही. तरी हाक देवालाच आहे. म्हणून ख्रिस्ती मनुष्य रडताना असे म्हणू शकतो की, माझा देव या वाटेने गेलेला आहे. मृत्यूनंतर पुनरुत्थान आहे ही त्यांची आशा. पण त्या आशेकडे जाणारी वाट शुक्रवारच्या क्रूसावरून जाते, तो त्यांना टाळता येत नाही.

आमच्या जिल्ह्यातच याचे एक चिन्ह पाहावयास मिळते. रोह्याची कुंडलिका जिथे समुद्राला मिळते, तिथे रेवदंड्यासमोर कोर्लई आहे. पोर्तुगीजांचा तिथला अंमल १७४० साली सरला, पण तिथली ख्रिस्ती वस्ती आणि तिची पोर्तुगीज वळणाची घरगुती बोली आजही आहे. ख्रिस्ती लोकांच्या उपवासकाळाचा आरंभ राखेच्या बुधवारी होतो. धर्मगुरू प्रत्येकाच्या कपाळी राख लावतो आणि आठवण देतो की तू मातीचा आहेस, मातीत जाणार आहेस. हे ऐकले तेव्हा आमचा हात आपसूक कपाळाकडे गेला. तिथे बुक्का होता. काळाच रंग, तीच जागा! मात्र एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ती राख धर्मगुरू स्वतःच्या कपाळीही लावून घेतो. मरणाची आठवण दुसऱ्याला देणारा स्वतः त्या आठवणीबाहेर उभा राहत नाही.

येथे कोणी शंका घेईल: "बुवा, मग तुमचे म्हणणे असे की कर्मसिद्धान्त खोटा? आणि ख्रिस्ती लोक दुःखिताशी बोलताना कधी चुकतच नाहीत?"

दुसऱ्या शंकेचे उत्तर आधी देतो. त्यांच्याच बायबलात ईयोब नावाच्या सज्जनाची कथा आहे. त्याचे धन गेले, मुले गेली, अंगभर फोड आले. तीन मित्र भेटीस आले. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसले. तोवर ते खरे मित्र होते. मग त्यांनी तोंड उघडले आणि, तुझ्या हातून काही पाप घडल्याशिवाय असे होणार नाही, हे त्याला पटवू लागले. कथेच्या शेवटी देव रागावतो तो ईयोबाच्या त्या मित्रांवर. जन्मांध मनुष्य पाहून शिष्यांनी येशूला विचारले, पाप याचे की याच्या आईबापांचे? येशूने तो प्रश्नच नाकारला आणि त्या आंधळ्याला डोळे दिले, अशीही कथा आहे. म्हणजे चूक तिकडेही होते. 'देवाची इच्छा' हा शब्द तिकडे धोंड्यासारखा मारता येतो, जसा आम्ही 'प्रारब्ध' हा शब्द त्या माउलीला मारला.

आता पहिली शंका. कर्मसिद्धान्त खोटा आहे असे आम्ही म्हणत नाही. तो कोणी, कोणाविषयी, कोणत्या वेळी बोलावा, एवढाच प्रश्न आहे. व्याकरणात तीन पुरुष आहेत. 'तो' हा प्रथम पुरुष, 'तू' हा मध्यम पुरुष, आणि 'मी' हा उत्तम पुरुष. पाणिनीच्या शाळेत आम्ही हे पाठ केले. त्यातला परमार्थ कळण्यास त्या बाईचा प्रश्न कारण झाला. कर्मसिद्धान्त हा उत्तम पुरुषी आहे. माझ्यावर दुःख कोसळले तर 'हे माझे प्रारब्ध' असे म्हणण्याचा मला अधिकार आहे. त्याने मला कोणाचा द्वेष वाटत नाही, धीर येतो, पुढचे आचरण सुधारते. तेच वाक्य मध्यम पुरुषी केले, 'हे तुझे प्रारब्ध' असे म्हटले, की ते शास्त्र राहत नाही, आरोप होतो. मी सुटलो, तू अडकलास. मला उठून जेवावयास जाण्याची मोकळीक झाली, असा त्याचा अर्थ होतो. त्या दिवशी आमच्या मनात, खरे सांगायचे तर, तेच होते. त्या बाईचे दुःख आम्हाला पाहवत नव्हते. म्हणून त्यावर सिद्धान्ताचे पांघरूण घालून आम्हाला तेथून निसटायचे होते.

आपल्या संतांचे वर्तन या कसोटीला लावून पाहावे. १६३० च्या सुमारास मोठा दुष्काळ पडला. तुकोबारायांची थोरली पत्नी त्यात अन्नावाचून गेली, मुलगा गेला, दुकान बुडाले. स्वतःच्या या दुःखातून त्यांनी वैराग्य घेतले. देवाने आपली वाट मोकळी केली असे मानले. हा झाला उत्तम पुरुष. पण दुसऱ्याच्या दुःखाशी गाठ पडली तेव्हा त्यांनी काय केले? कुळांची कर्जखते आपल्या वाट्यापुरती इंद्रायणीत बुडविली. आता हेच उलटे करून पाहा. स्वतःचे दुःख आले तेव्हा कर्जखते घट्ट धरली असती, आणि कुळांना वैराग्याचा उपदेश केला असता, तर तुकोबा तुकोबा राहिले असते काय? रमाबाईंच्या चरित्रातही हेच दिसते. स्वतःची मुलगी गेली तेव्हा त्यांनी ते देवाच्या हाती सोपविले. दुसऱ्याची मुलगी उपाशी दिसली तेव्हा ते देवाच्या हाती सोपवून त्या स्वस्थ बसल्या नाहीत.

चोखोबारायांचा अंत आठवावा. मंगळवेढ्यास गावकुसाच्या कामावर वेठीला धरलेले, आणि १३३८ साली ते कूस कोसळून त्याखाली गाडले गेलेले. नामदेवराय तिथे गेले. चोखोबांनी कोणत्या जन्मी काय केले होते, याची चौकशी त्यांनी केली नाही. ढिगारा उपसला, ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आले ती वेचली, आणि पंढरीत महाद्वारासमोर समाधी दिली. नामदेवपायरीचे दर्शन घेऊन आपण देवळात शिरतो तेव्हा पाठीशी चोखोबा असतात. जांभूळपाड्याच्या चिखलात त्या परिचारिकेने जे केले, ते नामदेवरायांनी मंगळवेढ्यास साडेसहाशे वर्षे आधी करून ठेवलेले होते. आमच्या घरचेच धन आम्हाला परक्याच्या हातात पाहून ओळखू आले.

आणि गीतेचे तरी काय? अर्जुन शोकाने खाली बसला. भगवंतांनी त्याचे सारे बोलणे ऐकून घेतले. दोन शब्द टोचून पाहिले, ते लागले नाहीत. मी तुझा शिष्य आहे, मला सांग, असे अर्जुन आपण होऊन म्हणाला, तेव्हाच उपदेशाचा खरा ओघ सुरू झाला. विचारणाऱ्यासाठी शास्त्र आहे. रडणाऱ्यासाठी आधी खांदा.

याचा अर्थ दोन्ही मार्ग एकच, असे मात्र आम्ही म्हणत नाही. तशी गोड बोलणी सोपी असतात, पण ती दोघांवरही अन्याय करतात. ख्रिस्ती मनुष्याचा देव एकदाच देह धरून मरण सोसतो. आमचा देव विटेवर उभा राहून वाट पाहतो, जनाबाईबरोबर दळतो, चोखोबाबरोबर गुरे ओढतो, आणि पुनः उभा राहतो. त्यांची आशा पुनरुत्थानाची. आमच्या तुकोबांनी तर मुक्ती बाजूला सारून, संतसंगासाठी पुनः जन्म मागितला. रेव्हरंड नारायण वामन टिळक म्हणत की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे गेलो. त्यांना तो पूल पलीकडे घेऊन गेला, आम्ही अलीकडेच राहिलो. पण पूल असतो म्हणजे दोन तीर असतात, आणि दोन्ही तीरांवर माणसे मरतात, दोन्ही तीरांवर आया रडतात.

असो. आता व्यवहाराचे दोन शब्द, विशेषतः आमच्या कीर्तनकार बंधूंसाठी. हल्ली गावोगावी दशक्रियेच्या दिवशी नदीकाठी प्रवचन ठेवण्याची चाल पडली आहे. पिंडाला कावळा शिवेपर्यंत बुवा बोलत असतात. समोर कोणाची तरी विधवा बसलेली असते, कोणाचे तरी लेकरू मुंडण करून उभे असते. अशा वेळी प्रारब्धाचे निरूपण करू नये, अशी हात जोडून विनंती आहे. गेलेल्याचे चांगले आठवावे. नामस्मरण करावे. चार अभंग म्हणावे, ते घरच्यांनाही म्हणू द्यावे. प्रवचन आटोपले की बिदागी घेऊन मोटारीत बसू नये. घडीभर त्या घरच्या माणसांजवळ बसावे. आणि महिन्याने, जेव्हा सगळे पाहुणे पांगतात आणि घर खायला उठते, तेव्हा पुनः एकदा त्या दारावरून जावे.

दिंडीत चालतानाही तेच. एखादी म्हातारी रांगेत मागे मागे राहते, टाळ्या वाजवीत नाही, मुकाट चालते. तिला कोणता उपदेश करू नका. तिची पिशवी घ्या.

त्या बाईला आम्ही पुनः भेटलो काय, असे कोणी विचारील. त्याच वर्षी कार्तिकीहून येताना गेलो होतो. बुक्का आणि तुळशीची एक मंजिरी नेली होती. ती म्हणाली, "बसा, बुवा." आम्ही बसलो. तिच्या प्रश्नाचे उत्तर आमच्याजवळ नव्हते, आजही नाही. पण त्या दिवशी तिने ते विचारलेही नाही. तिने चहा केला. मुलाचे नाव सांगितले. ते नाव आम्ही कोणाला सांगितलेले नाही. पण दर आषाढीला विटेवरच्या सावळ्यापुढे माथा टेकताना ते एकदा मनात घेतो, आणि मगच आपले मागणे मागतो.

॥ पुंडलीक वरदे हरि विठ्ठल ॥